संसदेविना अकरा वर्षं: पहिल्या चार्ल्सचा कारभार चालला कसा आणि अडला कुठे

इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याने १० मार्च १६२९ रोजी संसद बरखास्त केली. त्यानंतरची संसद भरली ती थेट १३ एप्रिल १६४० ला. मधली अकरा वर्षं त्याने संसदेशिवाय काढली. (मुंबई बेट ज्याला लग्नात आंदण मिळालं तो दुसरा चार्ल्स, हा त्याचा बाप.) पुढे १६४२ मध्ये यादवी युद्ध पेटलं आणि ३० जानेवारी १६४९ ला या राजाचा शिरच्छेद झाला. शेवट आधीच ठाऊक असल्यामुळे ही अकरा वर्षं बहुतेक वेळा 'जुलमी राजा आणि संतापलेली प्रजा' एवढ्यावरच उरकली जातात. पण या राजाच्या पदरी खडी फौज नव्हती, जिल्ह्याजिल्ह्यांत पगारी अधिकारी नव्हते आणि नवा कर बसवायचा अधिकारही नव्हता. मग जुलूम करणार कशाच्या जोरावर? त्याने राज्य चालवलं ते जुन्या कायद्यांतली कलमं उकरून काढून आणि गावोगावच्या जमीनदारांच्या बिनपगारी कामावर. हे दुसरं आटलं आणि सगळं अडलं.

संसद न बोलावणं बेकायदा होतं का?

नव्हतं. त्या काळी संसद ही कायम चालणारी संस्था नव्हती. राजा बोलावी, काही आठवडे कामकाज होई, काम झालं की राजा सभासदांना घरी पाठवी. पहिल्या एलिझाबेथने ४४ वर्षांच्या कारकिर्दीत १० वेळा संसद बोलावली. त्या सगळ्या बैठकांचे दिवस एकत्र मोजले तर तीन वर्षंही भरत नाहीत. चार्ल्सचा बाप जेम्स याने १६१४ ते १६२१ अशी जवळपास सात वर्षं संसदेविना काढली होती. त्यामुळे १६३० मध्ये संसद नाही म्हणून फारसं कोणी दचकलं नाही.

संसद लागायची ती दोन कामांना, नवा कायदा करायला आणि नवा कर बसवायला. राजाचा रोजचा खर्च त्याने स्वतःच्या उत्पन्नातून भागवायचा, अशी जुनी रीत होती. हे उत्पन्न म्हणजे राजघराण्याच्या जमिनींचा खंड, बंदरांवरची जकात आणि सरंजामी काळापासून चालत आलेले हक्क. युद्ध उपटलं की मात्र एवढ्यात भागत नसे, आणि मग संसदेपुढे झोळी घेऊन जाणं आलंच. सगळी गोम इथेच आहे: शांतता असेल तर संसदेविना निभतं, लढाई आली की निभत नाही.

चार्ल्सने सुरुवातच लढायांनी केली. १६२५ मध्ये गादीवर बसल्या बसल्या स्पेनशी युद्ध, पाठोपाठ फ्रान्सशीही. कादिझवरची स्वारी फसली, रे बेटावरची फसली. पैसा मागितला तर संसद हिशोब मागू लागली आणि राजाचा लाडका मंत्री ड्यूक ऑफ बकिंगहॅम याच्यावर खटला भरायला निघाली. त्यातच जकातीचा घोळ झाला. 'टनेज अँड पाउंडेज' ही दारूच्या दर पिंपावर आणि मालाच्या दर पौंड किमतीवर बसणारी जकात. दोनशेच्या आसपास वर्षं संसद ती नव्या राजाला तहहयात मंजूर करत आली होती. चार्ल्सला मात्र खालच्या सभागृहाने एकाच वर्षासाठी देऊ केली, आणि वरच्या सभागृहात तेवढंही पुरं झालं नाही. राजाने मंजुरीविनाच वसुली चालू ठेवली. १६२६ मध्ये त्याने श्रीमंतांकडून सक्तीचं कर्ज उचललं. अडीच लाख पौंडांच्या आसपास रक्कम जमली, पण नकार देणाऱ्यांना कारण न दाखवता तुरुंगात टाकल्यामुळे आगीत तेल पडलं.

१६२८ च्या संसदेने 'पेटिशन ऑफ राइट' पुढे केलं आणि राजाने ते स्वीकारलं. त्यात चार गोष्टी होत्या: संसदेच्या संमतीविना कर नाही, कारण न सांगता कैद नाही, लोकांच्या घरात सैनिक ठेवायचे नाहीत, शांततेच्या काळात लष्करी कायदा लावायचा नाही. जकात यात येते की नाही, यावर लगेच वाद सुरू झाला. २ मार्च १६२९ ला राजाने बैठक तहकूब करायला सांगितली. सभापती जॉन फिंच खुर्चीतून उठू लागला, तर डेंझिल होलिस आणि बेंजामिन व्हॅलेंटाइन या दोन सभासदांनी त्याला धरून परत खुर्चीत दाबलं. दाराला आतून कुलूप. राजाचा दूत बाहेरून दार ठोठावतोय, आत फिंच रडकुंडीला आलाय, आणि तशात तीन ठराव वाचून आवाजी मतदानाने मंजूर झाले. त्यांचा रोख दोन गोष्टींवर होता, मंजुरीविना घेतलेली जकात आणि धर्मातले नवे पायंडे. जकात घ्यायचा सल्ला देणारा देशाचा शत्रू, आणि ती मुकाट भरणाराही स्वातंत्र्याचा घात करणारा, असं त्यात म्हटलं होतं. आठ दिवसांनी संसद बरखास्त झाली. या प्रकरणाचा म्होरक्या सर जॉन एलियट १६३२ मध्ये लंडनच्या टॉवर या किल्ल्यात कैदेत मेला. फिंचचं नाव लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

आधी खर्च थांबवला

राजाने पहिली शहाणपणाची गोष्ट केली ती तहांची. फ्रान्सशी एप्रिल १६२९ मध्ये आणि स्पेनशी नोव्हेंबर १६३० मध्ये तह झाला. खजिनदार रिचर्ड वेस्टन हा हात आखडता घेणारा माणूस. युरोपात तीस वर्षांच्या युद्धाचा वणवा पेटलेला असताना इंग्लंड बाहेर राहिलं, व्यापार वाढला आणि जकातीचं उत्पन्नही वाढलं. दशकाच्या सुरुवातीला राजाचं वार्षिक उत्पन्न सहा लाख पौंडांच्या आसपास होतं, अखेरीस ते नऊ लाखांच्या घरात गेलं. त्यात सर्वांत मोठा वाटा जकातीचा. बाकीच्या युक्त्यांची चर्चा जास्त झाली, पण खरा आधार बंदरांचाच होता.

त्या युक्त्या मात्र बघण्यासारख्या आहेत. प्रत्येकीच्या मुळाशी एखादा खराखुरा जुना कायदा असायचा. महाधिवक्ता विल्यम नॉय हा असली कागदपत्रं हुडकून काढण्यात पटाईत होता.

सरदारकीचा दंड घ्या. तेराव्या शतकापासूनचा नियम असा, की जमिनीतून वर्षाला ४० पौंड उत्पन्न असलेल्याने राज्याभिषेकाला हजर राहून 'नाइट' ही पदवी घ्यावी. मुळात हा नियम राजाला घोडेस्वार मिळावेत म्हणून होता, आणि तेव्हा ४० पौंड म्हणजे बडी असामी. चार शतकांत महागाई एवढी वाढली की १६३० पर्यंत खाऊनपिऊन सुखी असा साधा जमीनदारही त्या आकड्यात बसू लागला. चार्ल्सचा राज्याभिषेक फेब्रुवारी १६२६ मध्ये झाला. तेव्हा कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. चार वर्षांनी अधिकारी दारात, "तुम्ही आला नव्हतात, दंड भरा." नऊ हजारांवर लोकांकडून मिळून सुमारे पावणेदोन लाख पौंड गोळा झाले. कायदेशीर होतं? होतं. पण राजाला ज्यांची गरज पडणार होती, नेमक्या त्याच वर्गाला ते झोंबलं.

जंगलाचं प्रकरण याहून खमंग. 'राजाचं जंगल' म्हणजे नुसती झाडी नव्हे, तर शिकारीचा खास कायदा लागू असलेला टापू. मध्ययुगात हे टापू अफाट होते, नंतर ते आकसले आणि तिथे शेतं, वाड्या, गावं उभी राहिली. १६३४ पासून राजाच्या न्यायाधीशांनी जुन्या हद्दी पुन्हा लागू केल्या. नॉर्दॅम्प्टनशरमधल्या रॉकिंगहॅम जंगलाचा घेर ६ मैलांवरून ६० मैलांवर नेला. पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेली जमीन अचानक राखीव वनात निघावी आणि वर अतिक्रमणाचा दंड यावा, तसलाच हा प्रकार. अर्ल ऑफ सॉल्सबरीला २०,००० पौंडांचा दंड झाला. प्रत्यक्षात बहुतेक दंड तडजोडीने खाली आले आणि सगळे मिळून ४०,००० पौंडही हाती लागले नाहीत. एवढ्याशा पैशासाठी देशातली सर्वांत बडी घराणी दुखावली. हा व्यवहार निव्वळ आतबट्ट्याचा होता.

मग साबण. १६२४ च्या कायद्याने एकट्यादुकट्या व्यक्तीला एखाद्या धंद्याचा मक्ता द्यायला बंदी होती, पण मंडळांना सूट होती. ही पळवाट धरून साबणाचा मक्ता वेस्टमिन्स्टरच्या एका नव्या कंपनीला दिला गेला. करार असा: वर्षाला ५,००० टन साबण बनवायचा आणि टनामागे ४ पौंड राजाला द्यायचे, म्हणजे वर्षाला २०,००० पौंड. जुन्या साबणवाल्यांनी या कंपनीच्या तपासणीविना माल विकायचा नाही. ऐकलं नाही तर स्टार चेंबर या राजाच्या खास न्यायालयापुढे दंड आणि कैद. या कंपनीत काही कॅथलिक मंडळी असल्यामुळे लंडनमध्ये 'पोपचा साबण' असं नाव पडलं. कपडे फाटतात, हात सोलतात, अशी ओरड इतकी झाली की सरकारने गिल्डहॉलमध्ये जाहीर धुणं घडवून आणलं: दोन धोबिणी, एकीकडे नवा साबण, दुसरीकडे जुना. निकाल अर्थातच नव्या साबणाच्या बाजूने लागला. लंडनच्या बायकांनी तो मानला नाही आणि जुना साबण चोरून विकला जात राहिला. अखेर १६३७ मध्ये जुन्याच साबणवाल्यांनी भरपूर पैसे मोजून मक्ता परत विकत घेतला, टनामागचा दर मात्र आता दुप्पट, ८ पौंड. तो कोणाच्या खिशातून गेला असेल हे सांगायला नको.

सनदा विकण्याची ही खोड आपल्या किनाऱ्यापर्यंत पोचली. पूर्वेकडच्या व्यापाराचा मक्ता ईस्ट इंडिया कंपनीकडे असताना राजाने डिसेंबर १६३५ मध्ये विल्यम कोर्टन याच्या मंडळीला वेगळा परवाना दिला. त्यांची जहाजं कॅप्टन जॉन वेडेलच्या हाताखाली १६३६ मध्ये गोव्याला येऊन थडकली, पुढे भटकळ आणि कारवारला वखारी झाल्या. त्याआधी राजाचाच परवाना घेऊन निघालेल्या 'रोबक' जहाजाने तांबड्या समुद्रात हिंदी व्यापाऱ्यांची जहाजं लुटली. त्याचं बिल फाटलं सुरतेत: मोगल अधिकाऱ्यांनी कंपनीचा तिथला प्रमुख विल्यम मेथवोल्ड याला सुमारे दोन महिने कोठडीत ठेवलं. कंपनीचा त्या लुटीशी काडीचा संबंध नव्हता.

जहाजपट्टी: वसुलीची साखळी

या सगळ्यांत वजनदार हत्यार होतं 'शिप मनी', म्हणजे जहाजपट्टी. ती समजली की राजाच्या कारभाराची सगळी यंत्रणा समजते.

जुनी रीत अशी होती, की संकटकाळी राजा बंदरगावांना हुकूम काढून जहाजं मागवू शके. स्पॅनिश आरमार आलं तेव्हा, १५८८ मध्ये, असंच झालं होतं. १६३० च्या दशकात समुद्रावर धोका खराच होता. अल्जिअर्सकडच्या चाच्यांनी जून १६३१ मध्ये आयर्लंडमधल्या बाल्टिमोर गावावर धाड घालून शंभरावर माणसं गुलाम म्हणून उचलून नेली होती. ऑक्टोबर १६३४ मध्ये बंदरगावांना आणि किनारपट्टीला पहिला हुकूम गेला. लाखभर पौंड मागितले आणि जवळपास सगळे आले. कुरबुर फारशी नाही.

पुढच्या वर्षी राजाने तोच हुकूम समुद्र न पाहिलेल्या जिल्ह्यांनाही पाठवला. समुद्र सगळ्यांचं रक्षण करतो तर खर्चही सगळ्यांनी सोसावा, हा युक्तिवाद. ऐकायला रास्त आहे. पण आता ही तातडीची मागणी राहिली नाही, दरवर्षी येणारा देशव्यापी कर झाली, आणि तो संसदेला न विचारता.

वसुली कशी व्हायची ते एका जिल्ह्यात बघू. बकिंगहॅमशर हा आतला, समुद्रापासून दूरचा जिल्हा. ऑगस्ट १६३५ च्या हुकुमात त्याच्याकडे ४५० टनांचं जहाज मागितलं होतं: १८० माणसं, तोफा, दारूगोळा आणि २६ आठवड्यांचा शिधा यांसह १ मार्चपर्यंत पोर्ट्‌समथला हजर. जहाज बांधायचं नसेल तर त्याऐवजी ४,५०० पौंड. जहाज कोण बांधणार? पैसेच द्यायचे, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं.

आकडा लंडनहून ठरून येई. तो वसूल करायचा शेरीफने. शेरीफ म्हणजे जिल्ह्यातला एक मानाचा जमीनदार, एका वर्षासाठी नेमलेला, पगार शून्य. तो रक्कम 'हंड्रेड' नावाच्या तालुकावजा विभागांत वाटी, तिथून ती पॅरिशवर म्हणजे गावावर जाई, आणि गावात दारोदार फिरून गोळा करायची कॉन्स्टेबलने, जो गावातलाच एक शेतकरी असे. एखाद्याने नाही म्हटलं तर त्याची गाय किंवा भांडीकुंडी जप्त करून विकायची. जमलेला पैसा राजाच्या मुख्य तिजोरीत न जाता थेट आरमाराच्या खजिनदाराकडे जाई, म्हणजे हा कर नव्हे, जहाजासाठीची सेवा आहे, असं कागदावर दाखवता येई. पैसा खरोखरच जहाजांवर खर्च होत होता, हेही सांगायला हवं. १६३७ मध्ये पाण्यात उतरलेलं, शंभरावर तोफांचं 'सॉव्हरिन ऑफ द सीज' हे त्या दशकाचंच जहाज. त्याला सुमारे ६५,००० पौंड लागले.

बिघाड कुठे होई? पहिला, वाटणीत. आकडा वरून पक्का, पण कोणाकडे किती जमीन याचं धड रजिस्टर नाही. प्रत्येक गाव म्हणे की शेजारच्या गावाला कमी लावलाय. तक्रारी राजाच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे सल्लागार मंडळापर्यंत जात, ती शेकड्यांनी अर्ज वाचत बसे आणि निकाल लागेपर्यंत पैसे अडून राहत. गंमत म्हणजे, बरेच अर्जदार 'हा कर बेकायदा आहे' असं म्हणतच नसत. 'माझा हिस्सा जास्त आहे' एवढंच म्हणत. यातल्या काहींच्या मनात मूळ कर खुपत असणारच, पण तसं लिहिण्यापेक्षा आकड्यावर भांडणं सुरक्षित होतं. दुसरा बिघाड शेरीफच्या डोक्यावरच्या बोज्यात. थकबाकीला तो स्वतः जबाबदार, आणि वर्ष संपून दुसरा शेरीफ आला तरी जुन्याची सुटका नाही. एकीकडे कौन्सिलची धमकीची पत्रं, दुसरीकडे उद्या ज्यांच्या घरी लग्नाला जायचं त्याच शेजाऱ्यांवर जप्ती. तिसरा बिघाड सगळ्यांत साधा: जप्त केलेली गाय लिलावात उभी केली, की बोली लावायला कोणी पुढेच येत नसे.

वीस शिलिंगांचा खटला

बकिंगहॅमशरमधला जॉन हॅम्पडेन हा बड्या जमीनदारांपैकी एक. त्याच्या स्टोक मँडेव्हिलच्या जमिनीवर २० शिलिंग, म्हणजे एक पौंड जहाजपट्टी लागली. त्याच्यासारख्याला ही रक्कम किरकोळ. पण त्याने भरली नाही, आणि सरकारनेही हाच नमुन्याचा खटला म्हणून उचलला, कारण निकाल आपलाच लागणार याची खात्री होती. फेब्रुवारी १६३७ मध्येच राजाने न्यायाधीशांकडून लेखी मत घेऊन ठेवलं होतं: देश धोक्यात असेल तर राजा सगळ्या प्रजेकडून जहाजं मागू शकतो, आणि धोका आहे की नाही हे ठरवणाराही एकटा राजाच.

नोव्हेंबर १६३७ मध्ये बारा न्यायाधीशांपुढे सुनावणी सुरू झाली. हॅम्पडेनचा वकील ऑलिव्हर सेंट जॉन याने राजाचा अधिकार थेट नाकारलाच नाही. त्याने तारखा मोजल्या. हुकूम ऑगस्टचा, जहाज हवं मार्चमध्ये, म्हणजे मध्ये सात महिने. संसद बोलवायला लागतात ४० दिवस. मग संसदेला विचारता येणार नाही एवढी घाई होती कुठे? या प्रश्नाला सरकारी वकिलांकडे सरळ उत्तर नव्हतं.

निकाल १६३८ च्या जूनमध्ये पुरा झाला: राजाच्या बाजूने सात, हॅम्पडेनच्या बाजूने पाच. या पाचांतल्या क्रोक आणि हटन यांनी मूळ मुद्द्यावरच राजाविरुद्ध मत दिलं, इतरांपैकी काहींनी तांत्रिक कारणं दिली. कायद्याने राजा जिंकला. पण राजाच्याच न्यायाधीशांपैकी पाच फुटले, ही बातमी निकालापेक्षा वेगाने पसरली. आणि जिंकवणाऱ्यांनी राजाचं जास्तच नुकसान केलं. त्यांत सर्वांत जोरकस होता मुख्य न्यायाधीश जॉन फिंच, तोच खुर्चीत दाबलेला सभापती. राजाचा हा अधिकार काढून घेणारा कायदा संसदेने केला तरी तो रद्दबातल ठरेल, असं तो म्हणाला. याचा अर्थ न कळायला जमीनदार काही दुधखुळे नव्हते: धोका राजा ठरवणार, रक्कम राजा ठरवणार, आणि संसदही आड येऊ शकणार नाही.

आकडेच बोलके आहेत. १६३५ च्या सुमारे दोन लाख पौंडांपैकी थकबाकी अडीच टक्क्यांच्या आसपास, १६३६ ला साडेतीन. अकरा वर्षांत करवसुली इतकी चोख क्वचितच झाली असेल. १६३७ च्या हुकुमाची थकबाकी नऊ टक्क्यांवर गेली, १६३८ ला मागणी तिपटीने कमी करूनही वीस टक्के. १६३९ ला पुन्हा दोन लाखांवर मागितले, त्यातले पाचांत चार हिस्से आलेच नाहीत. बंड झालं नाही की दंगा झाला नाही. शेरीफांनी, कॉन्स्टेबलांनी हात सैल सोडले, बस्स.

धर्म, स्कॉटलंड आणि रोजचे ८५० पौंड

पैशापेक्षा खोल सल धर्माची होती. १६३३ पासून आर्चबिशप असलेला विल्यम लॉड याला चर्चमध्ये शिस्त आणि सोहळा हवा होता. गावच्या चर्चमध्ये मधोमध असणारं प्रभुभोजनाचं टेबल पूर्वेच्या भिंतीला लावून त्याला कठडा करा, असा आग्रह. प्युरिटन, म्हणजे कट्टर प्रोटेस्टंट लोकांना यात कॅथलिक पंथाचा वास आला, त्यातून राणी कॅथलिक. जून १६३७ मध्ये विल्यम प्रिन, हेन्री बर्टन आणि जॉन बास्टविक यांना बिशपांविरुद्ध लिहिल्याबद्दल ५,००० पौंड दंड, जन्मठेप आणि भर चौकात कान कापण्याची शिक्षा झाली. एक वकील, एक पाद्री, एक वैद्य. असल्या शिक्षा भुरट्यांना होतात अशी सवय असलेल्या लोकांना पांढरपेशांचे कान कापलेले बघून धक्का बसला.

त्याच उन्हाळ्यात चार्ल्सने स्कॉटलंडवर नवं प्रार्थनापुस्तक लादलं. स्कॉटलंडचा राजाही तोच, पण तिथलं चर्च वेगळं, संसद वेगळी. २३ जुलै १६३७ ला एडिनबरोच्या सेंट जाइल्समध्ये ते वाचायला घेताच दंगल उसळली. फेब्रुवारी १६३८ मध्ये हजारो लोकांनी 'नॅशनल कव्हनंट' या प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या, नोव्हेंबरमध्ये भरलेल्या ग्लासगोच्या धर्मसभेने बिशपच काढून टाकले. राजाने ठरवलं, फौज न्यायची.

आणि इथे अकरा वर्षांचा हिशोब फसला. १६३९ मध्ये त्याने जिल्ह्याजिल्ह्यांतून मिळतील ती माणसं गोळा केली. लंडन शहराने कर्ज द्यायला टाळाटाळ केली. लढाई न करताच जूनमध्ये बेरिकला तह करावा लागला. १६४० च्या एप्रिलमध्ये नाइलाजाने संसद बोलावली. राजाने बारा 'सब्सिडी' (संसदेने मंजूर करायचा कर) मागितल्या आणि त्या बदल्यात जहाजपट्टी सोडायची तयारी दाखवली. जॉन पिम आणि इतर सभासद आधी अकरा वर्षांच्या तक्रारी ऐका म्हणाले. तीन आठवड्यांत, ५ मेला, राजाने तीही मोडली. माझ्या मते त्याची सर्वांत महाग चूक ती हीच. त्या सभागृहाशी सौदा होण्याजोगा होता, नंतरच्याशी नव्हता.

मग जे सुरू झालं ते दिवाळखोराचं वागणं. जुलैमध्ये टॉवरच्या टांकसाळीत व्यापाऱ्यांनी ठेवलेली सुमारे १,३०,००० पौंडांची चांदी अडकवली, आणि ४०,००० पौंडांचं कर्ज मिळाल्यावर सोडली. ऑगस्टमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारीतली मिरी सुमारे ६३,००० पौंडांना हप्त्यांच्या उधारीवर उचलली आणि लगेच रोखीने ५०,००० च्या आसपास विकून टाकली. तेरा हजारांचा तोटा पत्करून हातात रोकड. हप्ते वेळेवर फिटले नाहीत, हे ओघानेच आलं. याच राजाने पाच वर्षांपूर्वी त्याच कंपनीचा मक्ता दुसऱ्याला विकला होता, तरी तिने उधार दिलं; न देऊन सांगणार कोणाला?

२८ ऑगस्ट १६४० ला उत्तर इंग्लंडमधल्या न्यूबर्नला चालून आलेल्या स्कॉटांपुढे इंग्लिश फौज पळाली आणि दोनच दिवसांत न्यूकॅसल स्कॉटांच्या ताब्यात गेलं. लंडनच्या चुली न्यूकॅसलच्या कोळशावर चालत, आणि हिवाळा तोंडावर. ऑक्टोबरमधल्या रिपनच्या तहाने स्कॉटांची फौज तिथेच राहणार आणि तिचा खर्च म्हणून रोज ८५० पौंड राजाने द्यायचे, असं ठरलं. सोपा गुणाकार करा: १६३५ ची देशभरची सगळी जहाजपट्टी या दराने आठ महिन्यांतच संपली असती. लंडनचे सावकार आता फक्त संसदेच्या हमीवर कर्ज द्यायला तयार होते. म्हणून ३ नोव्हेंबर १६४० ला जी संसद भरली, तिला घरी पाठवणं राजाला शक्यच नव्हतं. पाठवली असती तर दुसऱ्या दिवशी स्कॉटांना काय देणार?

भोकं एकेक करून बुजवली

या संसदेचं पहिल्या वर्षाचं काम वाचलं की अकरा वर्षांची यादीच उलट्या बाजूने वाचल्यासारखं होतं. फेब्रुवारी १६४१ चा कायदा: तीन वर्षांत एकदा तरी संसद भरलीच पाहिजे. राजाने बोलावली नाही तर चान्सलरने बोलवावी, त्याने नाही तर सरदारांनी, त्यांनी नाही तर शेरीफांनी, तेही चुकले तर मतदारांनी स्वतः निवडणूक घ्यावी. मेमध्ये कायदा: चालू संसद तिच्या संमतीविना मोडता येणार नाही. जूनमध्ये जकात संसदेच्या मंजुरीखाली आली. जुलैमध्ये स्टार चेंबर आणि हाय कमिशन हे धर्मन्यायालय बंद. ऑगस्टमध्ये जहाजपट्टी बेकायदा, हॅम्पडेनविरुद्धचा निकाल रद्द, जंगलांच्या हद्दी जुन्या जागी, सरदारकीचा दंड संपला. फिंच डिसेंबर १६४० मध्येच हॉलंडला पळून गेला होता. राजाचा खंबीर मंत्री स्ट्रॅफर्ड याचं डोकं १२ मे १६४१ ला उडालं.

या बहुतेक कायद्यांना जवळपास सगळ्या सभागृहाचा पाठिंबा होता, पुढे राजाच्या बाजूने लढलेल्यांचाही. त्यामुळे 'अकरा वर्षांच्या कारभारामुळे युद्ध झालं' हे सरळ विधान तोकडं पडतं. १६४१ च्या उन्हाळ्यात ते सगळं मोडीत निघालं होतं आणि युद्ध अजून वर्षभर दूर होतं. फाटलं ते ऑक्टोबरमध्ये आयर्लंडमध्ये उठाव झाल्यावर. फौज उभी करावीच लागणार होती, आणि तिचा ताबा राजाकडे द्यायचा की नाही, यावर सभागृह दुभंगलं. राजाच्या कारभारावरचा आरोपांचा जाहीरनामा नोव्हेंबरमध्ये १५९ विरुद्ध १४८ अशा निसटत्या मतांनी मंजूर झाला. अकरा वर्षांनी मागे ठेवला होता तो अविश्वास: कायद्यातली प्रत्येक फट शोधणाऱ्या माणसाच्या हातात तलवार कशी द्यायची? ४ जानेवारी १६४२ ला राजा शिपाई घेऊन पाच सभासदांना पकडायला स्वतः सभागृहात शिरला, आणि हा अविश्वास खरा ठरला. त्या पाचांत पिम होता, हॅम्पडेन होता आणि सभापतीला खुर्चीत दाबणारा होलिसही होता. ऑगस्टमध्ये नॉटिंगहॅमला राजाचं निशाण उभं राहिलं.

लढायला पैसा संसदेलाही लागलाच. फेब्रुवारी १६४३ मध्ये तिने आपल्या फौजेसाठी जिल्ह्याजिल्ह्यांवर आठवड्याची पट्टी बसवली. आकडा लंडनमध्ये ठरायचा आणि वाटणी खाली होत जायची, नाही म्हणणाऱ्यावर जप्ती. पद्धत जहाजपट्टीचीच, फक्त बोजा कितीतरी जड, आणि जिल्ह्यांत वसुलीला बिनपगारी शेरीफाऐवजी संसदेने नेमलेल्या समित्या.